पागेतला भाला

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर गड म्हणावं असं काही नाही. तट नाही, बुरूज नाही, तोफेचा मोर्चा नाही. नगद नारायणांचं देवस्थान, वारकऱ्यांची वर्दळ आणि आषाढीला पंढरपूरच्या वाटेला लागणारी दिंडी यांवर या जागेची ओळख उभी आहे. लोक तिला धाकटी पंढरी म्हणतात. पुढे भगवानगड उभारणारे भगवानबाबा आधी इथलेच. अलीकडे, 2024 च्या दसऱ्याला, इथे मोठा मेळावा भरला आणि नारायणगडाचं नाव राज्यभर पोहोचलं.

मात्र या टाळ-मृदंगाच्या गडाभोवतीचा मुलूख लढायांचा आहे. उत्तरेला गोदाकाठी राक्षसभुवन, नैऋत्येला अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या हद्दीत खर्डा, आग्नेयेला अंबाजोगाई. पहिल्या दोन जागी मराठे आणि निजाम एकमेकांवर तुटून पडले. तिसरी जागा त्याच निजामाच्या घोडदळाची इंग्रज अमदानीतली छावणी. मराठी स्वाराच्या भाल्याचं काय झालं, ही गोष्ट या तीन ठिकाणांवरून बरीचशी सांगता येते. ती सांगायला हवी, कारण तलवारीवर पोवाडे झाले, दांडपट्ट्यावर चित्रपट झाले, वाघनखांवर तर वर्तमानपत्रं महिनोन् महिने चालली. भाला मात्र भालदार-चोपदाराच्या हातात दरवाज्याशी उभा राहिला.

भाल्याचा इतिहास कसा जपता येतो, ते पाहायला थोडं लांब, जपानला जावं लागतं. नारा शहरातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिराच्या आवारात होझोइन नावाचा मठ होता. तिथला भिक्षू इनएई (1521 ते 1607) याने सोळाव्या शतकात भाल्याची एक स्वतंत्र पद्धत बसवली. नेहमीच्या सरळ फाळाला त्याने आडवं पातं जोडलं. त्यामुळे भाला नुसता खुपसण्यापुरता राहिला नाही; त्याने अडवता येई, ओढता येई, समोरच्याचं शस्त्र दाबून धरता येई. सारुसावा तळ्याच्या पाण्यात चंद्रकोरीचं प्रतिबिंब आणि त्यावर आपल्या भाल्याची छाया पडलेली पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. म्हातारपणी त्यालाच वाटू लागलं, की भिक्षूने शस्त्राच्या नादी लागणं बरं नव्हे. तरी विद्या टिकली. गुरूमागून शिष्य, शिष्यांच्या शाखा, शाखांची नावं, कोणाला कोणी काय दिलं याच्या नोंदी. जपानात अशा भाल्याच्या शाळा अनेक होत्या. नागोयाकडची ओवारी कान-र्यू ही त्यातली एक. तिच्यात भाल्याच्या दांड्यावर एक नळी असते. पुढच्या हाताने नळी धरायची आणि मागच्या हाताने दांडा तिच्यातून सरकवत वार करायचा.

जपानमध्ये 1871 साली सरदारांच्या जहागिऱ्या गेल्या, 1876 साली तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि यातल्या बहुतेक शाळा ओस पडल्या. होझोइनची एक शाखा कशीबशी वाचली. ती वाचवणाऱ्यांत काझुतो इशिदा होते. हे गृहस्थ 1969 ते 1973 या काळात जपानचे सरन्यायाधीश होते. सत्तरच्या दशकात ही विद्या पुन्हा नाराला, आपल्या जन्मगावी पोहोचली. आजही तिथे हौशी मंडळी लाकडी फरशीवर, आडव्या पात्याचे भाले घेऊन ठरलेल्या जोड्या खेळतात.

मराठी भाल्याला असा मठ मिळाला नाही, गुरुपरंपरेची यादी मिळाली नाही, शाळेचं नावही मिळालं नाही. म्हणून ती विद्या कमी दर्जाची होती असं कोणी समजू नये. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता आणि पेशवाई बुडवण्यात त्याचा मोठा हात होता. मराठ्यांची स्तुती करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. त्याने आपल्या भारताच्या इतिहासात लिहिलं आहे, की मराठ्यांचं राष्ट्रीय शस्त्र म्हणजे तेरा-चौदा फुटी वेळूचा भाला आणि तो चालवण्यात त्यांचं कौशल्य असामान्य. मराठा स्वार रात्री जमिनीवर झोपतो, भाला शेजारी मातीत रोवलेला आणि घोड्याचा लगाम दंडाला बांधलेला, हे वर्णनही त्याचंच. अंगावर चिलखत नाही, कापूस भरलेला अंगरखा. समोर मोगलांची जड, सजलेली, तंबू-कनातींनी लदलेली फौज. या दोघांत भाला कुणाच्या बाजूने बोलणार, हे उघड आहे.

त्याचं अर्थकारणही साधं होतं. चांगली तलवार महाग, बंदूक त्याहून महाग, आणि तिच्यामागे दारू-गोळीचा कायमचा खर्च. भाल्याला लागतो भरीव वेळू, तो सह्याद्रीच्या रानात मिळतो. आणि लागतो लोखंडाचा फाळ, तो गावचा लोहार ओढून देतो. दांड्याच्या बुडालाही लोखंड, म्हणजे जमिनीत रोवता येतो. पोकळ बांबू धावत्या घोड्याच्या धक्क्याने फुटतो. भरीव वेळू वाकतो, पण सहसा मोडत नाही. इंग्रजांनाही ही गोष्ट पुढे कळली. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या भालाईत पलटणींच्या हातात ॲश लाकडाऐवजी भारतातला भरीव बांबू आला.

शाळा नव्हती, मग शिकवत कोण होतं? याचं उत्तर पागेत मिळतं. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या घोडदळाची जी रचना दिली आहे ती पाहावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. घोड्याच्या पाण्याची आणि नालेची सोय इतक्या बारकाईने लावणाऱ्या या उतरंडीत भाला शिकवणाऱ्या उस्तादाचं पद नाही. गरजच नव्हती. बारगीर सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार आपलं घोडं आणि आपली हत्यारं घेऊन येणारा. दोघेही ज्या घरांतून येत, तिथे मांड बसायला लागली की हातात काठी यायची. पावसाळाभर फौज छावणीत. देशावरच्या काळ्या मातीत पावसात घोडं चालत नाही, खूर रुततात. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की मुलूखगिरी सुरू. मधले चार महिने घोडी चरायची, नाला बदलायच्या, जखमा भरायच्या आणि हात साफ ठेवायचे. भाल्याची तालीम होती ती ही. तिचं वेळापत्रक ठरवणारा गुरू कोणी नव्हता, ते पावसाने ठरवलं होतं.

या तालमीचा जो भाग पुढे खेळ म्हणून ओळखला गेला, तो बोथाटी. साधारण दहा फुटी दांडा, टोकाला फाळाऐवजी गोळा, आणि तो गोळा रंगात बुडवलेला. दोन स्वार एकमेकांवर चालून जायचे. कुणाच्या अंगरख्यावर रंगाचा ठिपका उमटला, ते पाहणाऱ्यांना दिसायचं. पंचाला वाद घालावा लागत नसे. एकट्याने सराव करायचा तर दगडांची रास रचून तिच्यावर नेम. ऐकायला सोपं वाटतं. पण दहा फुटी दांड्याचं टोक स्थिर ठेवायचं, एका हातात लगाम, घोडं भरधाव आणि समोरचा स्वार ऐन वेळी वळणार, ही सगळी कसरत कमरेपासून खालची आहे. घोडा गुडघ्यांनी वळवता आला नाही तर भाला हातात असून नसल्यासारखा. म्हणून बोथाटी ही जेवढी भाल्याची परीक्षा, तेवढीच घोड्याची. जपानी होझोइनचा खेळाडू लाकडी फरशीवर पाय रोवून उभा राहतो. मराठी बोथाटीवाल्याच्या पायाखाली जमीनच नसते.

दुसरा प्रकार विटा. हा आखूड भाला. त्याच्या बुडाला साधारण पाच फूट दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा, लागला तर लागला, नाही तर हिसडा देऊन परत ओढायचा. फेकलेलं हत्यार शत्रूच्या हाती लागू नये ही त्यातली हुशारी. एका फेकीत भाला संपतो, ही जगभरच्या भालाफेक्यांची अडचण मराठ्यांनी एका दोरीने सोडवली. याशिवाय दांड्यासकट पोलादाची सांग, आखूड बरची, अशी या घराण्यातली भावंडं बरीच.

घोड्यावर बसणाऱ्या मराठी बायकांचीही थोडी माहिती मिळते, तीही एका परक्या बाईकडून. फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी 1835 साली फत्तेगडला बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली. ग्वाल्हेरहून बाहेर पडावं लागलेल्या बायजाबाई तिथे मुक्कामाला होत्या. त्यांच्या पदरच्या मराठी स्त्रिया पुरुषांसारखी मांड टाकून घोड्यावर बसत आणि इंग्रज बायका दोन्ही पाय एका बाजूला सोडून कशा बसतात, याचं त्यांना हसू येई. पार्क्सबाईंनी मग तिथे मराठी मांड घालून घोडा फिरवून पाहिला. बायजाबाईंचे जावई आप्पासाहेब यांची घोड्यावरची भाल्याची कसरतही तिने पाहिली आणि आपल्या प्रवासवर्णनात लिहिली. राज्य गेलेलं, फौज मोडलेली, परमुलखातली छावणी. तरी कसरत चालू होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी.

आता राक्षसभुवन. पानिपतच्या घावाला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. थोरले माधवराव पेशवे अठरा वर्षांचे, चुलते रघुनाथराव त्यांच्यावर वचक ठेवून. मराठ्यांची ही अवस्था पाहून निजाम अलीने नागपूरकर जानोजी भोसल्यांना आपल्याकडे ओढलं आणि 1763 च्या उन्हाळ्यात पुणं लुटून जाळलं. उलट पेशव्यांनी निजामाचा मुलूख मारला. समोरासमोर गाठ न घालता एकमेकांच्या घरात शिरून नासधूस करायची, असं दोन्हीकडून चाललं होतं. शेवटी जानोजी फुटून परत फिरले आणि निजाम औरंगाबादेकडे निघाला. गोदावरीला पावसाळी पाणी. निजाम स्वतः पैलतीरी गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर आणि मागची फौज अलीकडे, राक्षसभुवनच्या काठावर राहिली. 10 ऑगस्ट 1763 ला मराठी घोडदळ तिच्यावर येऊन आदळलं. रघुनाथराव एका टप्प्यावर वेढ्यात सापडले, तेव्हा माधवराव धावून गेले आणि पारडं फिरलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. त्याचं शिर भाल्यावर चढवल्याची हकिकत पुढे सांगितली जाऊ लागली. निजाम पलीकडच्या काठावरून बघत राहिला. मधल्या पाण्याने त्याला काही करू दिलं नाही.

लांब भाल्याला हवा असतो तसाच हा प्रसंग. शत्रूची रांग मोडलेली, पाठीमागे नदी, पळायला जागा नाही आणि पाठलाग करणारा घोड्यावर. उभ्या पायदळाच्या बंदुकांसमोर भाला काही करू शकत नाही, पण मोडलेल्या फौजेमागे धावताना चौदा फूट लांबीला तोड नाही. मराठ्यांचा सगळा डावच त्यावर रचलेला होता. समोर उभं राहायचं नाही, रसद तोडायची, थकवायचं, आणि एकदा का पाय निघाला की मग भाले. मोगलाईत या स्वाऱ्यांना भालेराई म्हणत. त्या शब्दाची धास्ती काय असेल ते त्या काळच्या गावकऱ्यांना ठाऊक.

यापुढचा अध्याय खर्ड्याचा, आणि तो भाल्याच्या बाजूचा नाही. 11 मार्च 1795 ला मराठे आणि निजाम पुन्हा समोरासमोर आले. सवाई माधवरावांचं राज्य, नाना फडणिसांचा कारभार, परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती. मराठेशाहीतले बहुतेक सगळे सरदार एका बाजूला उभे राहिल्याचा हा शेवटचा प्रसंग म्हणून तो शाळेत शिकवला जातो. जिंकले मराठेच, निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. पण लढाईच्या मध्यावर काय होतं? निजामाकडे रेमंड नावाच्या फ्रेंचाने कवायत शिकवलेली पलटणं, मराठ्यांकडे महादजी शिंद्यांच्या वेळी द बॉयनने उभारलेली आणि आता पेराँच्या हाताखाली आलेली पलटणं. तोफा आणि बंदुका बोलत होत्या. राक्षसभुवनला बत्तीस वर्षांपूर्वी घोडदळाने जे केलं, ते इथे तोफखान्याने केलं. घोडदळ होतं, मोठंही होतं, पण निकाल त्याच्या हातून सुटला होता. शिलेदाराचा एक जुना पेचही इथे उघडा पडला. घोडं त्याच्या मालकीचं, तेच त्याचं भांडवल. तोफेसमोर घालून ते मेलं तर उद्याची रोजी गेली. पाठलागात हिरिरीने धावणारा शिलेदार गोळ्यांच्या तोंडी का जात नसे, याचं उत्तर शौर्यात शोधण्यापेक्षा त्याच्या हिशेबाच्या वहीत शोधावं.

सरदारांच्या फौजांतून भाला उतरला तो पेंढाऱ्यांच्या हाती. 1817-18 च्या सुमारास इंग्रजांनी पेंढाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हाच्या त्यांच्या नोंदी मासलेवाईक आहेत. हजार पेंढाऱ्यांत बऱ्या घोड्यांवरचे, धड हत्यारं असलेले सुमारे चारशे. त्या चारशेंत पंधरांमागे एकाकडे बंदूक. बाकी सगळ्यांचा भरवसा मराठी वेळूच्या भाल्यावर, बारा ते अठरा फुटी. अठरा फूट म्हणजे तीन उंचपुरी माणसं एकावर एक उभी केली, तेवढी उंची. राज्याचं हत्यार लुटारूचं झालं आणि त्याबरोबर त्याची प्रतिष्ठाही गेली. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला, पेशवाई संपली, आणि हजारो स्वारांना एका पावसाळ्यात काम उरलं नाही. काही नांगराला लागले, काही संस्थानांच्या पागांत, आणि काहींनी इंग्रजांच्या रिसाल्यांत नावं घातली.

बीडच्या मुलखात हा बदल फार जवळून दिसतो, कारण हा भाग निजामाकडेच राहिला आणि निजामाच्या नावाने इंग्रजांनी इथे नवं घोडदळ उभं केलं. 1816 च्या सुमारास औरंगाबादेत कॅप्टन इव्हान डेव्हिसच्या हाताखाली हे रिसाले बांधले गेले. जुन्या घोडदळाला नव्या शिस्तीत बसवायचं, हा हेतू. 1818 साली बीडमध्ये धर्माजी प्रतापरावांनी निजामाविरुद्ध उठाव केला, तो मोडायला लेफ्टनंट सदरलंडबरोबर पाठवलेलं बळ घोडदळाचंच होतं. जी माणसं एका पिढीआधी निजामाच्या मुलखावर भाले घेऊन येत, त्यांच्यासारखीच माणसं आता निजामाच्या पगारावर त्याच वाटांनी दुसऱ्यांचा पाठलाग करत होती.

या रिसाल्यांची एक मोठी छावणी अंबाजोगाईला पडली. निजामाने गावाचं नाव मोमिनाबाद ठेवलं होतं. हैदराबाद संस्थान 1948 साली भारतात आल्यावर जुनं नाव परत आलं. योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी आणि शेजारी घोडदळाच्या लायनी, असं ते गाव एकोणिसाव्या शतकात होतं. नवी शिस्त सगळ्यांना मानवली असं नाही. 1827 साली याच मोमिनाबादेत डेव्हिस आपल्याच रिसाल्यातल्या बंडखोर स्वारांच्या हातून मारला गेला.

पण या पलटणींत एक गोष्ट थेट मराठी पागेतून आली होती. इंग्रजी सैन्याच्या कागदांत तिला सिलादार पद्धत म्हणत. स्वाराने घोडं आणि बरीचशी सामग्री स्वतःची आणायची, सरकारने त्याचा पगार त्या हिशेबाने वाढवून द्यायचा. घोडं नसलेल्याने दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचं, तो बारगीर. सभासदाच्या काळातले शिलेदार आणि बारगीर असे इंग्रजी हुकूमनाम्यांत शिरले आणि 1921 साली ही पद्धत मोडेपर्यंत तिथे राहिले. विद्येचा गुरू हरवला, पण नोकरीच्या अटी अडीचशे वर्षं टिकल्या. इतिहासात असं फार वेळा होतं.

भाल्याचीही मधल्या काळात एक गंमत झाली. युरोपात भाला जवळपास मोडीत निघाला होता. नेपोलियनच्या पोलिश भालाईतांनी दाणादाण उडवल्यावर इंग्रजांना त्याची आठवण झाली आणि 1816 साली त्यांनी आपल्या काही पलटणी भालाईत केल्या. हिंदुस्थानात मात्र त्यांना शोधायला कुठे जावं लागलं नाही. शिंद्यांच्या नोकरीतून 1803 साली बाहेर पडलेल्या जेम्स स्किनरने जो रिसाला उभारला, त्याच्या स्वारांना भाल्याची ओळख करून द्यायची गरज नव्हती. डुकराच्या शिकारीतही हेच दिसतं. बंगालकडचे इंग्रज आखूड, जड भाला खांद्यावरून खाली मारत. मुंबई इलाख्यातले लांब भाला बगलेखालून पुढे रोखत. दख्खनची सवय साहेबाच्या हाताला लागली होती. कोल्हापूरचे शाहू छत्रपती भाल्याने डुकराच्या शिकारीचे शौकीन होते. त्यांच्या हातात मात्र ती सवय उसनी नव्हती.

1890 साली हैदराबादच्या या घोडदळाला लान्सर्स असं नाव मिळालं आणि 1903 साली त्या पलटणी भारतीय सैन्यात सामील झाल्या. त्यातली एक 20 वी डेक्कन हॉर्स. 14 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर हाय वुड नावाच्या रानाजवळ संध्याकाळी हिला पुढे जायचा हुकूम आला. सोबत 7 वी ड्रॅगून गार्ड्स. समोर मशीनगन, खंदक, काटेरी तारा यांचं युद्ध; आणि उभ्या पिकातून घोडदळ भाले रोखून धावलं. पिकात दबा धरलेल्या काही जर्मन शिपायांना भाल्यांनी गाठलं, काहींना कैद केलं, आणि दिवस उजाडण्याआधी सगळे माघारी आले. त्या पलटणीत तोवर शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान स्वार भरले जात. तेव्हा या धावेला मराठी भाल्याचा विजय म्हणणं ही अतिशयोक्ती होईल. पण राक्षसभुवनपासून काही दिवसांच्या मजलेवर ज्यांची छावणी पडत होती, त्या घोडदळाचे वारस विसाव्या शतकात फ्रान्समध्ये भाला घेऊन धावले, इतकं खरं. पुढच्या दहा-बारा वर्षांत इंग्रज सैन्यानेही लढाईतला भाला काढून टाकला. मागे राहिली परेड आणि नेझाबाजी, म्हणजे धावत्या घोड्यावरून जमिनीतली मेख भाल्याने उपटण्याचा खेळ.

इकडे मराठी मुलखात भाला जपण्याचं काम पागेकडून तालमीकडे आलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथले प्राध्यापक माणिकराव यांनी देशी व्यायामाला सामुदायिक कवायतीचं रूप दिलं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. देशी कसरती आणि हत्यारांचे हात एवढ्या पद्धतशीरपणे कुणी त्याआधी लिहून ठेवले नव्हते. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांचा चमू बर्लिनला देशी खेळ दाखवायला गेला. या सगळ्यांचे उपकार मोठे. तरी एक गोष्ट त्यांच्याही हातात नव्हती. आखाड्यात लाठी मावते, पट्टा मावतो, मल्लखांब मावतो. भरधाव घोडा मावत नाही. बोथाटी पुस्तकात आली तेव्हाच ती मैदानातून निघून गेलेली होती.

मराठवाड्यात घोडं अजून आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घासाघीस होते, दात पाहिले जातात, चाल पाहिली जाते. आळंदीच्या पालखीपुढे बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात आणि रिंगणात धावतात. तो सोहळा बसवणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळे पालखीच्या चालीत लष्करी शिस्तीची झाक आली असं जाणकार म्हणतात. त्या दोन अश्वांतल्या एकावर स्वार असतो आणि त्याच्या हातात दांडा असतो. त्या दांड्याला फाळ नसतो, पताका असते.

मर्दानी खेळांच्या पथकांत भाला आणि विटा आजही आहेत, विशेषतः कोल्हापूरकडे. मुलंमुली ते मन लावून शिकतात, पण पायी. जमिनीवर उभं राहिलं की भाला दोन्ही हातांत येतो, हात लाठीचे होतात आणि पवित्रेही लाठीचेच पडतात. दोरीच्या विट्याने नवखे प्रेक्षक चमकतात, हे खरं. पण टाळ्या वसूल करतो तो गरगर फिरणारा पट्टा, कारण त्याला घोड्याची गरज नाही आणि जमिनीवर ठेवलेलं लिंबू त्याने नेमकं कापता येतं. 19 फेब्रुवारी 2024 ला, शिवजयंतीच्या दिवशी, आग्र्याच्या किल्ल्यात महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर झालं, ते दांडपट्टा.